आदल्या दिवशीच लिहून झालेली सहल: अकोला ते अमरावतीचं काचघर

ही पोस्ट मी रागात लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकते. ज्यांना फक्त रस्ता, वेळा आणि खाण्याची ठिकाणं हवी आहेत, त्यांना तीही मिळतील, पण मधेमधे शोधावी लागतील. शाळेची सहल घेऊन अमरावतीला काचघर बघायला जायचा बेत असेल, तर मात्र शेवटपर्यंत वाचा.

मी अकोल्यात जठारपेठेजवळच्या एका शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. शाळेचं नाव लिहीत नाही. काचघराचंही लिहीत नाही, कारण तिथल्या माणसांवर माझा फारसा राग नाही. ज्यांच्यावर आहे त्यांच्यातली एक मी आहे, आणि ते कसं, हे ओघात येईलच.

एखादं वर्ष सोडलं, तर आमच्या शाळेची ‘शैक्षणिक सहल’ वर्षानुवर्षं वॉटर पार्कला जाते. कागदावर ‘जलव्यवस्थापन’ असं लिहितात. वर्गात वनस्पतींचा धडा शिकवायचा आणि सहलीला घसरगुंडीवरून पाण्यात पडायचं, हे मी दोन वर्षं सहन केलं. यंदा स्टाफरूममध्ये हटून बसले. अमरावतीत एक जुनं, मोठं काचघर आहे, नेचे आहेत, ऑर्किड आहेत, कीटक खाणारी झाडं आहेत, आपल्या भागातल्या पिकांचा वेगळा कोपरा आहे, आठवीला तिथंच न्यायचं, असं ठणकावून सांगितलं.

“झाडं पाहायला अमरावतीपर्यंत कायले जायचं मॅडम?” बिडकर सर म्हणाले. ते आमचे पर्यवेक्षक, सहलीचे कायमचे प्रमुख. “इथं का झाडं नाहीत?”

“इथं पाणीही आहे सर,” मी म्हणाले, “तरी वॉटर पार्कला जातोच ना आपण.”

कोणीतरी हसलं, आणि मुख्याध्यापिकांनी त्या हशातच होकार देऊन टाकला. डिसेंबरातला शनिवार ठरला. आठवीची बेचाळीस मुलं, बिडकर सर आणि मी.

आता आमच्या शाळेची एक पद्धत सांगते. इतर शाळांतही ती असेल, फक्त कोणी बोलत नाही. आमच्याकडे सहलीचा अहवाल सहलीच्या आदल्या दिवशी लिहून होतो. गंमत करत नाही. शुक्रवारी शेवटच्या दोन तासांत फळ्यावर अहवाल लिहिला जातो आणि मुलं तो सुवाच्य अक्षरात वहीत उतरवतात. ‘आम्ही सकाळी लवकर निघालो. वाटेत आम्हाला हिरवीगार शेते दिसली. काचघरात शिरताच आम्हाला दमट हवा जाणवली.’ सगळं भूतकाळात, आदल्या दिवशी. सहलीहून आलेली मुलं थकलेली असतात, सोमवारी अर्धी गैरहजर असतात, अक्षर वाईट येतं, आणि फाईल तर त्याच दिवशी टेबलावर हवी असते. त्यासाठी ही सोय.

त्या शुक्रवारी फळ्यावर मीच लिहीत होते. काचघराचं माहितीपत्रक हातात होतं, त्यातून उतरवत होते. ‘पिकांच्या दालनात आम्ही देशी कापसाचे झाड पाहिले. त्याची पाने खोल विभागलेली असून बोंडे खाली झुकलेली होती.’

तेव्हा रेणुकानं हात वर केला. ही रेणुका बाळापूरकडची. घरी काळ्या मातीची शेती आहे. शाळेसाठी ती जुन्या शहरात आत्याकडे राहते आणि पूल ओलांडून सायकलवर येते. तिचं अक्षर वर्गात सगळ्यात देखणं, पण मला ती लक्षात राहिली ती दुसऱ्याच कारणानं. जुलैत कांद्याच्या पापुद्र्याचा प्रयोग झाला तेव्हा सगळ्या वर्गानं पुस्तकातल्या पेशी काढल्या होत्या. हिनं पेशींच्या मधोमध एक जाड काळ्या कडेचा गोळा काढला. तो हवेचा बुडबुडा होता, काच नीट न ठेवल्यानं अडकलेला. मी म्हटलं, हा काढायचा नसतो. ती म्हणाली, “पन दिसून राहिला ना, मॅडम.” मी तिला दहापैकी दहा दिले होते.

“मॅडम,” शुक्रवारी तिनं विचारलं, “उद्या थे झाड तिथं नसन त?”

वर्ग हसला. मीही हसले. “असेल गं. लिही.”

तिनं लिहिलं.

शनिवारी सकाळी साडेसहाला बस शाळेपुढून निघाली. अकोला ते अमरावती अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. बोरगाव मंजू, मूर्तिजापूर, बडनेरा असा सरळ महामार्ग आहे आणि आता रस्ता चांगला झालाय. दोन तास पुरतात. मुलं बरोबर असतील तर अडीच धरा, कारण बोरगाव येईपर्यंत दोघांना उलटी होते. बिडकर सरांनी आलेपाक, लिंबं आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या आणल्या होत्या. बोलायला फटकळ आहेत, पण प्रत्येक थांब्यावर दोनदा मुलं मोजतात आणि ज्याला मळमळतं त्याला स्वतःची पुढची सीट देतात. हेही लिहायला हवं, नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की मी त्यांच्यावर डूख धरून आहे.

मूर्तिजापूरला चहा-पोह्यांसाठी थांबलो. पोहे गरम, वर रस्सा झणझणीत, तक्रार नाही. मुलींचं शौचालय मात्र कुलूपबंद, आणि किल्ली ज्याच्याकडे तो गावात गेलेला. एकोणीस मुली आणि एक बंद दार. मालक गल्ल्यावर बसून म्हणाला, “येईलच पाच मिनटात.” त्याची पाच मिनिटं वीस झाली. मी त्याला काय बोलले ते इथं लिहीत नाही, पण किल्ली आली. सहल काढणाऱ्यांनो, हॉटेल ठरवताना आधी त्या दाराची चौकशी करा, मेनू नंतर बघा.

मूर्तिजापूर सोडल्यावर ऊन चढलं आणि दोन्ही बाजूंना कपाशीची, इकडच्या बोलीत पऱ्हाटीची, शेतं पांढरी दिसायला लागली. बायका कमरेला ओटी बांधून वेचत होत्या. शहरातली मुलं खिडकीला नाकं लावून बसली. रेणुका माझ्या मागच्याच सीटवर होती आणि शेजारणीला सांगत होती, “हे दुसरी वेचनी हाये. पहिलीचा कापूस जास्त चांगला असते. पाह्य, काही बोंडं अजून उमलाचीच आहेत.”

“तुले कसं मालूम?” शेजारीण म्हणाली.

“सुट्टीत मी बी वेचतो ना. बोटं फाटतात पुरी.”

मी मागे वळून म्हटलं, “रेणुका, आज कापसाचं तू सगळ्यांना समजावून सांगायचं.” तिचा चेहरा उजळला. ही सहल आपण कोणासाठी काढली ते मला त्या क्षणी कळल्यासारखं वाटलं. मी खूश होते, अगदी मनापासून. म्हणून तर पुढचा राग एवढा आहे.

साडेनऊला पोचलो. काचघर दहाला उघडतं. शाळेचं पत्र आठ दिवस आधी दिलं असेल तर मुलांना तिकीट अगदी नाममात्र आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. उन्हाळ्यात जाऊ नका, अमरावतीच्या उन्हात काचेखाली उभं राहणं कोणाच्याच हिताचं नाही.

दहा वाजता दार उघडलं आणि आम्ही आत गेलो, असं तुम्हाला वाटेल. तसं झालं नाही. आधी बॅनर निघालं. ‘शैक्षणिक क्षेत्रभेट’ असं मोठ्या अक्षरात, वर संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे फोटो, एकेक फोटो केळीच्या पानाएवढा. बॅनरची एक दोरी तुटली, ती शोधली. मग उंच मुलं मागे, बुटकी पुढे. मग ऊन डोळ्यात येतं म्हणून सगळ्यांना फिरवलं. मग फोटोत काचघर येत नाही म्हणून परत फिरवलं. अठरा मिनिटं गेली. मी घड्याळ बघत होते.

आत किती वेळ मिळाला असेल? बारा मिनिटं. साडेदहाची वेळ दुसऱ्या शाळेची होती आणि त्यांचंही बॅनर बाहेर फडफडत होतं. काचघराकडून आमच्याबरोबर दिलेल्या माणसाच्या गळ्यात शिट्टी होती. दोन रांगा, हात पाठीमागे, कोणी थांबायचं नाही, कोणी वाकायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. रांग जरा रेंगाळली की शिट्टी. मी त्याला म्हटलं, “अहो, मुलं झाडं बघायला आलीत.” तो म्हणाला, “बघून राहिले ना मॅडम, चालता चालता.”

आणि काचघर सुंदर आहे हो. हे लिहिताना मला जास्तच चीड येते. दार ढकललं की ओल्या मातीचा वास अंगावर येतो, चष्म्यावर वाफ धरते. काचांच्या सांध्यात शेवाळ. नेच्यांची पानं डोक्यावर लोंबलेली, त्यांच्या मागच्या बाजूला बीजाणूंचे तपकिरी ठिपके ओळीनं, जे मी वर्गात खडूनं काढून दाखवते. घटपर्णीच्या पेल्यात खरोखर एक मेलेली माशी होती. एका मुलाला ती दिसली, तो “मॅडम, मॅडम” करत वाकला आणि कानाशी शिट्टी वाजली. तो दचकून सरळ झाला आणि पुढे चालू लागला. माशी त्याच्याशिवाय कोणालाही दिसली नाही.

पिकांचं दालन शेवटी होतं. चारी बाजूंनी कपाशी असलेल्या गावात कपाशी काचेत ठेवली आहे याचं हसू येतं, पण त्यात तथ्य आहे. देशी कापूस आता शेतात सहसा दिसत नाही, तो असाच कुठेतरी जपावा लागणार. एका मोठ्या कुंडीत कमरेएवढं झाड होतं आणि पुढे रंग उडालेली पत्र्याची पाटी होती: ‘देशी कापूस’.

रेणुका तिथं थांबली. मागची रांग तिच्यावर आपटली. शिट्टी वाजली. ती हलली नाही.

“मॅडम,” ती म्हणाली, “हे देशी नाही.”

मी पुढे होते, मागे आले. “कशावरून?”

“पान पाहा ना. हे रुंद हाये, आमच्या वावरातल्या पऱ्हाटीसारखं. देशीचं पान बोटाबोटाचं असते, पार आतपर्यंत चिरलेलं. अन् हे बोंड वर पाहून राहिलं. देशीचं खाली लोंबते.” मग म्हणाली, “आमच्या धुऱ्यावर, बांधावर, माझ्या मायनं देशीची दोन झाडं ठेवली आहेत, देवाच्या वातीसाठी. सुट्टीत गेलो की मी रोज पाह्यतो.”

मी पाहिलं. पान तळहाताएवढं रुंद होतं, वरवर चिरलेलं. तिच्यामागची पाचसहा मुलंही वाकून पाहायला लागली. सबंध दिवसात पहिल्यांदाच कोणीतरी झाडाकडे नीट पाहत होतं.

पलीकडे एक म्हातारे माळीकाका पाइपानं पाणी घालत होते. ते नळ बंद करून जवळ आले. “पोरगी बराबर बोलून राहिली जी,” ते म्हणाले. “देशी होतं, थे मेलं दोन वर्सांआधी. मंग मी बाजूच्या वावरातून हे आनून लावलं, कुंडी खाली कशी ठेवाची म्हनून. पाटी बदला म्हनून सांगतलं हापिसात. कोनी ऐकते का?” आणि रेणुकाकडे वळून विचारलं, “कुठची होय तू, बाई?”

“बाळापूरची.”

“तरीच.” ते खूश झाले होते. “इतक्या शाया येतात पोरं घेऊन, पाटी वाचतात अन् जातात. झाड कोनी पाह्यत नाही.”

तिनं वही उघडली आणि उभ्या उभ्या लिहायला लागली. शिट्टीवाला आला, रांग हलली, मी तिला दंडाला धरून बाहेर काढलं. बाहेर येताना ती हसत होती.

दुपारी झाडाखाली डबे खाल्ले. ज्यांना बाहेरचं चालतं त्यांनी अमरावतीत गिलावडा चुकवू नये. दही-चटणीत भिजलेला मऊ वडा, तिखट बेताचं. मुलं खूश झाली. तीनला परत निघालो.

बडनेरा मागे पडल्यावर बिडकर सरांनी वह्या गोळा केल्या. त्यांना एकेक वही उघडून तारीख तपासायची सवय आहे. थोड्या वेळानं त्यांनी मला हाक मारली आणि रेणुकाची वही माझ्यापुढे धरली.

‘पिकांच्या दालनात आम्ही देशी कापसाचे झाड पाहिले’ या वाक्यावर सरळ रेघ मारली होती, पुढच्यावरही. त्याखाली वाकड्यातिकड्या अक्षरात, उभ्यानं लिहिलेलं: ‘पाटीवर देशी कापूस लिहिले आहे पण झाड देशी नाही. पान रुंद आहे. बोंड वर आहे. देशीचे बोंड खाली असते. माळीकाकांनी सांगितले की देशी झाड मेले आणि पाटी राहिली.’

मी शिकवायला लागल्यापासून माझ्या हातात आलेलं ते सगळ्यात चांगलं निरीक्षण होतं.

“खाडाखोड,” बिडकर सर म्हणाले. “हिचं अक्षर चांगलं म्हणून हिचाच अहवाल तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला पाठवायचा ठरलाय. मुख्याध्यापिका बाईंनी नाव पण कळवलं. असा पाठवायचा?”

“असाच पाठवायचा सर. बरोबर लिहिलंय तिनं.”

“त्यांच्या पाटीत चूक आहे असं आपण लेखी द्यायचं? पुढच्या वर्षी आत घेतील का आपल्याला? आणि बाकी एक्केचाळीस वह्यांत काय आहे? सगळ्यांनी देशी पाहिला, हिनं नाही पाहिला. तपासणीला साहेबांनी विचारलं तर कोणती वही खरी म्हणून सांगायचं?”

“मग अहवाल आधी लिहायची ही पद्धतच बंद करा ना,” मी म्हणाले. आवाज चढला असावा, पुढची मुलं वळून पाहत होती.

सर शांतपणे म्हणाले, “मॅडम, पद्धत तुमचीच आहे.”

खरं होतं. मी नोकरीला लागले त्या वर्षीची सहल धरणावर गेली होती. मुलांनी अहवाल दिलेच नाहीत, तपासणीला साहेब आले, फाईल रिकामी निघाली आणि ऑफिसात सगळ्यांसमोर मला बोलणी बसली. पुढच्या वर्षी मी हुशारी केली. आदल्या दिवशी फळ्यावर नमुना लिहिला आणि मुलांना उतरवायला लावला. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. बिडकर सरांनी तर स्टाफ मीटिंगमध्ये सांगितलं होतं की पाठक मॅडमकडून शिका. मी हे विसरले नव्हते, सोयीनं आठवत नव्हते.

मूर्तिजापूरला बस पुन्हा थांबली. या खेपेला दार उघडं होतं. मुलं उतरली, रेणुका खिडकीशी बसून होती. मी तिची वही घेऊन तिच्याशेजारी जाऊन बसले. मला काय म्हणायचं होतं ते मला माहीत होतं. तू लिहिलंयस ते खरं आहे, ते तसंच राहील, सरांशी मी बोलते. एवढी तीन वाक्यं होती. पण त्यापुढचं सगळं डोळ्यापुढे आलं: ऑफिस, फाईल, एक्केचाळीस वह्या, पुढच्या वर्षी परत वॉटर पार्क. आणि मी थकले होते.

“बेटा,” मी म्हणाले, “ते पान काढून टाक आणि फळ्यावर होतं तसं लिही परत. छान अक्षरात.”

तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. “कापसाचं बी?”

“हो.”

“पन मॅडम, तुमी पन पाह्यलं ना थे?”

“पाहिलं.”

“मंग?”

त्यावर मी जे विचारलं त्याची लाज मला अजून वाटते. “प्रदर्शनाला जायचंय ना तुला?”

तिला जायचं होतं. तिच्या घरातून आजवर कोणाची कशासाठी निवड झाली नव्हती, आणि वडील त्या दिवशी बाळापूरहून मुद्दाम येणार होते. तिनं पट्टी काढली, पानावर दाबून धरली आणि कड न फाटू देता पान काढलं. डब्याचं झाकण मांडीवर घेऊन त्यावर वही ठेवली. बस थांबलेली होती तेवढ्या वेळात तिनं सगळं लिहून काढलं. देखणं अक्षर, एकही खाडाखोड नाही. त्याची पाने खोल विभागलेली असून बोंडे खाली झुकलेली होती.

काढलेलं पान तिच्या हातात चुरगळत होतं. मी म्हटलं, “ते मला दे.”

“ठेवा,” ती म्हणाली. “चुकीचंच आहे थे.”

सातच्या आत अकोल्यात पोचलो. मुलं आपापल्या घरी गेली, सहल ‘यशस्वी’ झाली. ग्रुपवर बॅनरचा फोटो पडला आणि खाली खूप अंगठे.

प्रदर्शन महिन्याभरानं झालं. परीक्षकांनी अहवाल चाळला आणि रेणुकाला विचारलं, “काय काय पाहिलंस बेटा?” तिनं पाठ म्हणून दाखवलं, कापसासकट. मी मागे उभी होते. शेजारी तिचे वडील होते, पांढरा सदरा घालून आलेले, हात जोडून. देशीचं पान कसं असतं ते त्यांना माझ्यापेक्षा नक्कीच जास्त माहीत होतं. मुलगी बोलत होती ते बरोबरच होतं, देशीचं पान तसंच असतं. तिनं ते तिथं पाहिलं नव्हतं, एवढंच. त्यांनी समाधानानं मान हलवली. प्रमाणपत्र मिळालं, अक्षराबद्दल खास शेरा मिळाला. वडील मला म्हणाले, “तुमच्यामुळं झालं, मॅडम.” मी नमस्कार केला आणि तिथून निघाले.

तर तुम्हाला ही सहल करायची असेल, तर जरूर करा. शनिवार टाळा, गर्दी असते. बॅनर नेऊ नका, नेलंच तर परत निघताना काढा. पिकांच्या दालनापासून सुरुवात करा, तिथं शिट्टीवाला उशिरा पोचतो. आणि वह्या कोऱ्या न्या. पुढच्या वर्षीपासून आमच्याकडेही वह्या कोऱ्याच जातील, असं मी स्टाफ मीटिंगमध्ये उभी राहून सांगितलं, आणि ही पद्धत मीच पाडली हेही सांगितलं. बिडकर सर “बघू” म्हणाले. काचघराच्या ऑफिसला पाटीबद्दल पत्र पाठवलं आहे, माझ्या सहीनं. उत्तर आलेलं नाही.

एवढ्यावर राग उतरायला हवा होता. उतरला नाही, कारण परवा वर्गात पानाच्या सालीचा प्रयोग होता. सूक्ष्मदर्शकाखाली पर्णरंध्रं बघायची आणि दिसेल ते वहीत काढायचं. एकेक मूल येत होतं, डोळा लावत होतं, जात होतं. रेणुकाची पाळी आली. ती स्टुलावर बसली, वही उघडली, पेन्सिलीला टोक केलं, आणि सूक्ष्मदर्शकाकडे न बघता माझ्याकडे बघत राहिली.

“बघ की,” मी म्हटलं.

“आधी सांगा ना मॅडम,” ती म्हणाली, “काय दिसाले पाह्यजे?”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, म्हणजे चूक होणार नाही.

तास संपल्यावर मी तिला थांबवून घेतलं. पर्समधून ते पान काढलं आणि टेबलावर ठेवलं. म्हटलं, “हे बरोबर होतं. चूक माझी होती. मी तुला खोटं लिहायला लावलं.”

तिनं पान वाचलं. मग दाराकडे बघून हळूच विचारलं, “मंग थे सर्टिफिकेट वापस करा लागन का, मॅडम? बाबांनी भिंतीवर लावलं हाये.”

“नाही,” मी म्हणाले. “ते तुझंच आहे.” दुसरं काय बोलणार होते?

मग मी सूक्ष्मदर्शक तिच्यापुढे सरकवला. तिनं एक डोळा मिटून दुसरा लावला. चाक फिरवून नीट केलं, बराच वेळ पाहिलं. मी विचारलं, “काय दिसतंय?”

तिनं डोळा काढला, आणि उत्तर द्यायच्या आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं.